सहा वर्षं चार महिने

ऑफिसात तिला टक्केताई म्हणत. हे नाव सेल्सच्या माणसांनी ठेवलेलं. तोंडावर ते कुणी कधी घेतलं नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून फारसं खटकतही नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं कॉस्टिंगला होती. एखाद्या बिस्किटवाल्याला वीस हजार खोकी हवी असली, की कागद किती लागणार, डिंक किती, कापताना वाया किती जाणार, ट्रकचं भाडं काय आणि एवढं सगळं होऊन खोक्यामागे मालकाच्या हातात काय उरणार, हे ती सांगायची.

हे सगळं तिच्या एका शीटमध्ये होतं. कॉम्प्युटर आला तेव्हा ऑफिसातल्या बाकीच्यांनी त्याच्यावर कव्हर घालून ठेवलं होतं. हिनं मात्र जेवणाच्या सुट्टीत बसून बसून तो शिकून घेतला. हातानं भरायचे आकडे पिवळ्या सेलमध्ये, बाकी सगळे फॉर्म्युले, त्यांना कुणी हात लावायचा नाही. सेल्सवाला येऊन तिच्या टेबलाला टेकायचा.

"ताई, साठ दिवसांची उधारी मागतोय. देऊन टाकू?"

ती पिवळ्या सेलमध्ये साठ टाकायची. "दीड टक्का गेला."

"दीडच ना?"

"मालकाला सुटतात चार. त्यातला दीड."

तो डोकं खाजवत निघून जायचा. याहून जास्त बोलणं क्वचितच व्हायचं. डबा ती स्क्रीनसमोरच खायची. सुरुवातीला दोघीतिघींनी बोलावून पाहिलं. मग त्यांनीही नाद सोडला. लग्नाचं जमलं नव्हतं. न जमण्याचीही माणसाला सवय होते, तशी तिला झाली होती.

घरी अप्पा होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. अप्पा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होते. चाळीस थर कापडाचे एकावर एक ठेवून एका दमात कापायचे. कात्रीनं उजव्या हाताचा अंगठा जाड आणि चपटा झाला होता. जिभेची कात्री मात्र अजून धार धरून होती. हिचे कपडे बघून रोज काहीतरी म्हणायचेच. "हा कोट कुणी शिवला गं? खांदा तुझा आहे का शेजारणीचा?" ती हसायची. दिवसभरात तेवढंच हसणं.

अप्पा एकोणऐंशीचे झाले त्या वर्षी एका मंगळवारी ते पेपर आणायला खाली उतरले आणि परत चढताना दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर गुडघा गेला. दीड तास तिथंच बसून राहिले. त्या दीड तासात जिन्यावरून एकही माणूस गेला नाही. संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट तिला मजेत सांगितली. "पेपर वाचून झाला, जाहिराती वाचून झाल्या, शब्दकोडंसुद्धा सोडवलं असतं, पेन नव्हतं." पंधरा दिवसांनी दूध गॅसवर ठेवून झोपले. पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर. मग तिनं दिवसासाठी एक बाई ठेवली. ती तीन आठवडे टिकली. अप्पांनी तिला इस्त्री शिकवायला घेतली होती. ती पगार घेऊन गेली ती परत आलीच नाही.

गावाच्या टोकाला वृद्धांसाठी एक निवास होता. चाळीस खोल्या, नर्स, डॉक्टरची रोजची फेरी. अप्पांना घेऊन ती बघून आली. अप्पांनी खोली पाहिली, जेवणघर पाहिलं, पडद्याची शिवण उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "बरं आहे." एवढंच. मॅनेजरबाईंनी तिच्या हातात एक कागद दिला. पैसे भरायचे दोन मार्ग होते. एक, चोवीस लाख एकदम भरायचे, मग शेवटपर्यंत काही नाही, आणि परतही काही नाही. दुसरा, महिन्याला बत्तीस हजार, दर वर्षी आठ टक्के वाढ.

शनिवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. तिच्या दृष्टीनं हे गणित दहा मिनिटांचं. आज हातात असलेले शंभर आणि दहा वर्षांनी द्यायचे शंभर सारखे नसतात. सात टक्के धरले तर त्या नंतरच्या शंभरांची आजची किंमत जेमतेम एकावन्न. प्रत्येक महिन्याचा हप्ता तसा आजच्या किमतीत आणायचा, बेरीज करायची, चोवीस लाखांशी ताडून बघायची. उजवीकडे तिनं दोन रेघांचा आलेख काढला. सहा वर्षं चार महिन्यांवर रेघा एकमेकींना छेदत होत्या. त्याआधी संपलं तर महिन्याचा मार्ग स्वस्त. त्यानंतर चाललं तर एकरकमी.

किती चालणार, हा सेल पिवळा होता. तो तिनं रिकामाच ठेवला.

सोमवारी ती अप्पांच्या डॉक्टरांकडे गेली आणि घुटमळत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे, गुडघे रद्दी आहेत. पुढचं मला विचारू नका, मी हवामान खातं नाही."

दादा परदेशात होता. निम्मे पैसे तो देणार होता. त्या बाबतीत त्याच्याविषयी वाईट बोलायला जागा नाही. "शीट पाठव, मी बघतो," तो म्हणाला. तिनं पाठवली. दोघांनाही एकाच वेळी उघडता येईल अशी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं ती उघडली, तर पिवळ्या सेलमध्ये चार लिहिलेलं. खाली हिरव्या अक्षरांत उत्तर आलेलं: महिन्याच्या मार्गानं नऊ लाख वाचतात.

तिनं लगेच फोन लावला. त्याच्याकडे पहाट होती.

"चार कुठून आणलास?"

"अगं, काहीतरी धरून चालायला नको का?"

"चारच का पण?"

"मग तू सांग किती."

तिनं दहा टाकले. आता एकरकमी पावणेपंधरा लाखांनी स्वस्त झालं. फोनच्या पलीकडे तो ते बघत होता.

"ठीक आहे, मधला आकडा घेऊ," तो म्हणाला. "सात."

"आपण काय भाजी घेतोय का रे?"

तो म्हणाला, "मला तरी कुठं आवडतंय. पण तुला रोज तिकडे राहून जे दिसतं ते मला दिसत नाही. मला आकडाच दिसतो." हे खरं होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

शीट तशीच उघडी राहिली असावी. त्या शनिवारी ती कपडे वाळत घालून आत आली, तर अप्पा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून लॅपटॉपसमोर बसलेले.

"हे पिवळं काय आहे?"

"मुदत."

"कशाची?"

ती चिमटे गोळा करत राहिली.

"माझीच ना?" अप्पा म्हणाले. "मघा सात होते. माझं बोट लागलं, आता सत्त्याहत्तर झालेत. बघ, केवढे पैसे वाचतायत तुझे."

तिला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आलं. अप्पा ते संपेपर्यंत थांबले.

"महिन्याचंच भर," ते म्हणाले.

"अप्पा, पण तुम्ही नव्वदीपर्यंत राहिलात तर..."

"ते नव्वदीचं मरू दे. एकदम भरले की मी तिथला झालो. महिन्याचं असलं म्हणजे भाडेकरू. नाही पटलं तर बॅग उचलायची आणि घरी यायचं. एवढं मोकळं ठेव."

शीटमध्ये या गोष्टीसाठी ओळ नव्हती. तिनं पिवळा सेल पुसला आणि दादाला कळवलं, महिन्याचं ठरलं. दादाला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. तिनं तसंच वाटू दिलं.

अप्पा चौदा नंबरच्या खोलीत राहायला गेले. दोन बस बदलून पावणेदोन तास. ती दर रविवारी अकराला पोचायची, संध्याकाळी पाचला निघायची. घरी त्यांचा पलंग तिनं तसाच ठेवला. दर रविवारी निघण्याआधी त्यावरची चादर बदलायची. अप्पा म्हणाले, चल घरी, तर धुतलेली चादर हवी. अप्पा म्हणाले नाहीत. जेवण कसं आहे, तर मीठ कमी. झोप कशी, तर शेजारचा घोरतो. चलता का, हे तिनंही विचारलं नाही. तिला वाटायचं, विचारलं आणि ते हो म्हणाले, तर तो जिना आहेच, दिवसाचे नऊ तास आहेतच. मग आपण काय करणार?

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला निवासातल्या कुणाच्या तरी मुलीनं जुनं शिवणयंत्र आणून दिलं आणि अप्पांचं नशीब पालटलं. कुणाच्या गाऊनची खालची शिवण, कुणाच्या पॅन्टची कंबर. माणसं म्हातारपणी आक्रसतात आणि कपडे तेवढेच राहतात. अप्पांना कामाची ददात नव्हती. भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी कात्र्या टांगल्या. आता ती गेली की ते म्हणायचे, "बस दोन मिनिटं, एवढी बाही लावतो." दोन मिनिटांचा तास व्हायचा.

त्या वर्षअखेरच्या सुट्टीत तिनं त्यांना चार दिवसांसाठी घरी आणलं. इमारतीच्या वॉचमननं आणि तिनं मिळून खुर्चीत बसवून वर नेलं. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी जाऊन उभे राहायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पोरी, आज सोडतेस का? बावीस नंबरच्या बाईंचा कोट कापून पडलाय. थंडी वाढलीय."

तिनं सोडलं. परत येऊन चादर काढली, धुतली, घडी करून कपाटात ठेवली. नंतर ती पलंगावर घातली नाही.

त्या काळात कधीतरी अप्पा म्हणाले होते, या रविवारी येऊ नकोस, आम्हाला तळ्यावर नेणार आहेत. सोमवारी कारखान्याच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "काय ताई, बरं आहे ना?" ती "हो" म्हणायला गेली आणि घशातून नुसती खरखर आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शुक्रवारी संध्याकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. तिनं दोनदा खाकरून पाहिलं. वॉचमन म्हणाला, "सर्दी झालीय वाटतं. काढा घ्या." तिनं मान हलवली.

त्यानंतर तिनं काही दिवस घरात मोठ्यानं बोलून पाहिलं. "आता दिवा लावू," "आता बाजारात जाऊन येऊ," असं. बरं वाटेना, सोडून दिलं.

हप्त्यांची नोंद मात्र ती त्याच शीटमध्ये ठेवत होती. अंदाजाच्या रकान्याशेजारी प्रत्यक्ष भरलेल्याचा रकाना. सहा वर्षं झाली, मग सहा वर्षं तीन महिने. पुढच्या महिन्याचा हप्ता पन्नास हजारांच्या वर होता. तो भरला त्या गुरुवारी तिनं शीट उघडली आणि शेवटचा आकडा लाल झालेला पाहिला. पहिल्या दिवसाच्या किमतीत मोजून चोवीस लाख ओलांडले होते. इथून पुढचा प्रत्येक महिना शुद्ध तोट्याचा.

तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. सेल्सवाल्यानं वर पाहिलं. "काय ताई?" "काही नाही," ती म्हणाली. कुणाला काय सांगणार? तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बेकरीतून लहानसा केक घेतला आणि दोन बस बदलून निवासावर गेली.

अप्पा एका बाईंच्या कोटाला टाचण्या लावत होते. तोंडात चार टाचण्या. तिला बघून त्या काढल्या. "आज कशी आलीस? गुरुवार ना?"

"सहज."

"बस जरा."

ती पलंगाच्या कडेला बसली. अर्धा तास गेला. कोटवाल्या बाई आरशात पाठ बघून, दोनदा तपासून गेल्या. मग तिनं केक कापला.

"कुणाचा वाढदिवस?" अप्पांनी विचारलं.

"कुणाचाच नाही."

"मग बरंय, भेट द्यायला नको." त्यांनी दोन तुकडे खाल्ले. ती हाताला लागलेलं क्रीम पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. सांगावंसं वाटलं होतं, पण काय आणि कसं सांगायचं ते जुळेना. अप्पांनी पुढची पॅन्ट उचलली.

रविवारी दादाचा फोन आला. त्यानंही शीट पाहिली होती. "एकरकमीच बरं होतं गं."

"हो रे," ती म्हणाली. "चुकलंच आपलं." बराच वेळ दोघंही फोन ठेवेनात.

अप्पा पुढे पावणेदोन वर्षं राहिले. सत्त्याऐंशीव्या वर्षी, महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळच्या चहानंतर खुर्चीतच गेले. नर्स म्हणाली, त्रास झाला नाही. दादा येऊन, तीन दिवस राहून गेला. विमानतळावर त्यानं तिला मिठी मारली. कुणाला मिठी मारण्याची सवय नसल्यानं आपले हात कुठं ठेवायचे तेच तिला कळेना.

खोली रिकामी करायची होती. मॅनेजरबाई म्हणाल्या, "घाई नको. पैसे आगाऊ भरलेले आहेत. तीस तारखेपर्यंत खोली तुमचीच."

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन आली. "राहिले तर चालेल का?" तिनं विचारलं. मॅनेजरबाईंनी तिच्याकडे बघितलं, रजिस्टर पुढं ओढलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "जेवण किती वाजता पाठवू? का खाली याल?"

ती खाली गेली. अप्पांच्या टेबलावर बावीस नंबरच्या बाई बसायच्या. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या, पाठ ताठ, आवाज वर्गातला. शेजारी ते घोरणारे गृहस्थ. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते प्रत्येकाकडे बघून नुसते हसायचे. बाईंच्या अंगात कोट होता. खांदा अगदी त्यांचाच.

पहिले दोन दिवस बाईंनी तिला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सूप ढवळता ढवळता म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तो दर रविवारी बॅग भरायचा. माहीत होतं का तुला?"

"नाही."

"सकाळी भरून पलंगाखाली ठेवायचा. तू गेलीस की उपसून कपडे परत कपाटात. मी एकदा विचारलं, सांगत का नाहीस पोरीला? तर म्हणाला, तिनं विचारलं की सांगेन."

तिनं चमचा खाली ठेवला.

"मग मशीन आलं," बाई म्हणाल्या. "त्यानंतर एका रविवारी बॅग भरलीच नाही. मीच आठवण केली. म्हणाला, अरे हो की. आणि सुई ओवायला लागला. हेही खरं आहे हं. अर्धंच घेऊन जाऊ नकोस."

ती लिफ्टनं वर गेली. पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथं कापडाच्या चिंध्यांचं एक गाठोडं होतं, दुसरं काही नाही. दुपारभर ती खुर्चीत बसून राहिली. वर्षाचे बावन्न रविवार. घरी ती चादर बदलत होती, इथं ते बॅग भरत होते, आणि अकरा ते पाच दोघं समोरासमोर बसून मिठाविषयी बोलत होते. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भूक लागली. ती खाली जाऊन जेवली.

मग दिवस बरे गेले. सकाळी चहाला कुणीतरी "झोप झाली का?" विचारायचं. घोरणारे गृहस्थ तिच्याकडे बघून हसायचे. कुणी अर्धवट शिवलेले कपडे मागायला यायचं, ती शोधून द्यायची. शिवणयंत्र निवासाचंच होतं, ते खाली हॉलमध्ये नेऊन ठेवलं. सत्तावीस तारखेला मॅनेजरबाईंनी हळूच विचारलं, की नव्या माणसाला एकोणतीसला येता येईल का? खोलीला रंग द्यायचा होता. ती म्हणाली, "मी उद्याच निघते." निघताना भूगोलाच्या बाई फाटकापर्यंत आल्या. "येत जा," म्हणाल्या. दोघींनाही ठाऊक होतं, बोलायची पद्धत आहे. तरी तिनं "येईन" म्हटलं.

दुपारी चारच्या सुमाराला ती घरी पोचली. अप्पांचे कपडे, कात्र्या आणि तिचं सामान मिळून बॅग चांगलीच जड झाली होती. पहिल्या जिन्यावर ती दम खायला थांबली. मागून एक तरुण माणूस हातात भाजीची पिशवी घेऊन आला.

"द्या इकडे," त्यानं बॅग उचलली. "बाप रे, काय लोखंड भरलंय का? नवीन राहायला आलात?"

"नाही," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं झाली."

"असं? आम्हाला दोन वर्षं झाली. कधी दिसला नाहीत."

"ऑफिस असतं."

"हां, ते आहेच," तो म्हणाला. पायऱ्या चढता चढता त्यानं पाण्याच्या वेळेविषयी तक्रार केली, तिनं हं हं केलं. दुसऱ्या मजल्यावर त्याचं दार होतं. आतून लहान मूल त्याला हाका मारत होतं. त्यानं बॅग खाली ठेवली. "पोचवू का वर?"

"नको, आता एकच तर जिना आहे."

दार उघडलं, बंद झालं. तिनं बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि एकेका पायरीवर टेकवत ती वर नेली.